घर बदलले तरी बाक तोच राहू द्या

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत सोडले की खुटबाव आणि त्यापुढे केडगाव ही स्थानके लागतात. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर. सकाळी शाळेच्या वेळेला रस्त्याच्या कडेने सायकलींची रांग निघते. या रांगेतले कोणते मूल आपल्या आई-वडिलांच्या घरून निघाले आणि कोणते मामाच्या, आत्याच्या किंवा नात्यात नसलेल्या कुटुंबाच्या घरून, हे पाहून ओळखता येत नाही. गणवेश सारखा, दप्तर सारखे. फरक उघडा पडतो तो वर्गात, फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला जातो तेव्हा. विषय असतो ‘माझी आई’.

समजा, नववीतल्या एका मुलाचे आई-वडील चार वर्षांपूर्वी गेले. तो आता मामाकडे राहतो. मामा-मामी चांगले आहेत, जेवणाखाण्याची आबाळ नाही. पण या निबंधात काय लिहायचे, हे त्याला कळत नाही. तो वही मिटतो. शेजारचा मुलगा विचारतो, ‘काय रे, तुला आई नाही का?’ पुढच्या सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते. त्याच्या पुढच्या सोमवारीही दुखते. मामा त्याला सरकारी दवाखान्यात आणतो. रक्त, लघवी, गरज वाटली तर सोनोग्राफी, सगळे व्यवस्थित निघते. सुट्टीच्या दिवशी मात्र पोट दुखत नाही.

हे चित्र कोणा एका मुलाचे नाही, पण ग्रामीण भागातल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना ते परिचयाचे आहे. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘नाटक करतो, शाळा चुकवायची असते.’ ते खरे नसते. शाळकरी वयात वारंवार पोट दुखणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये आतड्याचा कोणताही आजार सापडत नाही, तरीही दुखणे खरेच असते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची आणि संप्रेरकांची सतत देवाणघेवाण चालते. ताण वाढला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी संवेदना दुखण्यासारखी जाणवू लागते. डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न लागणे यांचेही असेच असते. मात्र वजन घटणे, ताप, शौचातून रक्त जाणे, सतत उलट्या होणे किंवा रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे यांपैकी काही असेल, तर ते ताणावर ढकलू नये. त्याची तपासणी व्हायलाच हवी.

संगोपन म्हणजे दत्तक नव्हे

आई-वडिलांविना वाढणारे मूल म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, अनाथाश्रम नाहीतर दत्तक. त्यांच्या मधे तिसरी एक वाट आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 मध्ये तिची तरतूद आहे. मुलाला ठरावीक किंवा दीर्घ काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवायचे, पण कायद्याने ते त्या कुटुंबाचे अपत्य होत नाही. आडनाव तेच राहते, वारसाहक्क बदलत नाही आणि जन्मदात्यांपैकी कोणी असेल तर त्यांच्याशी नाते तुटत नाही. यालाच प्रतिपालकत्व किंवा फॉस्टर केअर म्हणतात. दत्तक जाण्याची शक्यता कमी असलेल्या मोठ्या मुलांसाठी ही वाट विशेष महत्त्वाची आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्वही याच कायद्यात लिहिलेले आहे.

महाराष्ट्रात 2005 पासून बालसंगोपन योजना राबवली जाते. अनाथ मुले, एक पालक असलेली मुले, ज्यांचे पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात आहेत अशी मुले संस्थेत न जाता घरातच, म्हणजे उरलेल्या पालकाकडे, नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावीत, हा तिचा हेतू. पूर्वी प्रत्येक मुलामागे महिन्याला 425 रुपये मिळत. कोविडच्या काळात ते 1100 झाले आणि 2023 मध्ये 2250 करण्यात आले. त्याच वर्षी योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले.

हे नाव या योजनेला शोभणारे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1874 मध्ये एका विधवेच्या मुलाला आपला मुलगा मानून वाढवले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी पुण्याजवळ रुग्णांसाठी जो दवाखाना उघडायला लावला, तो यशवंतचाच होता. त्या साथीत रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. यशवंत दत्तक होता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्याची गोष्ट वेगळी. पण ‘हा कोणाचा?’ हा प्रश्न त्यालाही चुकला नव्हता. लग्नाची वेळ आली तेव्हा जन्माच्या कहाणीमुळे त्याच्यासाठी मुलगी मिळणे कठीण झाले होते.

केडगावची आठवण

या प्रश्नाचा इतिहास खुटबावच्या अगदी शेजारी आहे. पंडिता रमाबाईंनी स्वतःचे आई-वडील दुष्काळात गमावले, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे ते पुण्यात आणले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि स्त्रिया सोबत आणल्या आणि त्यांची व्यवस्था केडगावच्या जमिनीवर केली. तेच मुक्ती सदन. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी मोठे वाद झाले. तो विषय वेगळा. आरोग्याच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तिथे निवारा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मुलीला छप्पर मिळाले त्याच आवारात शाळा मिळाली, हातांना काम मिळाले आणि आपल्यासारख्याच मैत्रिणी मिळाल्या. आई-वडील नसणे ही तिथे वेगळे पडण्याची गोष्ट नव्हती.

आज आपण मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवू पाहतो आणि ते योग्यच आहे. पण कुटुंबात वाढणाऱ्या मुलाला वर्गात आपल्यासारखे दुसरे कोणी दिसत नाही. ज्या मुलाला घर मिळाले त्याला शाळेत एकटेपण मिळण्याचा धोका असतो. मदतीचा हिशेब पैशांत होतो, पण हा एकटेपणा त्या हिशेबात येत नाही.

उशीर झालेला नसतो

कुटुंब आणि संस्था यांत काय फरक पडतो, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे झाला. 2000 साली तिथल्या संस्थांमधील 136 लहान मुले निवडली गेली. त्यांतल्या निम्म्या मुलांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, प्रतिपालक कुटुंबांत पाठवण्यात आले. पुढे दोन्ही गटांकडे अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, भावनिक स्थिती चांगली राहिली. जी मुले सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. आठव्या वर्षी शिक्षकांना विचारले, की ही मुले वर्गात इतरांशी कशी वागतात? वीस महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेली मुले, संस्थेत कधीच न राहिलेल्या मुलांसारखीच मिसळणारी आढळली.

मग ज्याचे घर दहाव्या वर्षी मोडले, त्याचे काय? इथे दोन गोष्टी दिलासा देतात. पहिली म्हणजे, बुखारेस्टची मुले बाराव्या वर्षी पुन्हा तपासली तेव्हा पहिल्याच प्रतिपालक घरात टिकून राहिलेल्या मुलांची मानसिक स्थिती, घरे बदलावी लागलेल्या मुलांपेक्षा चांगली होती. म्हणजे घर कधी मिळाले याइतकेच ते किती टिकले यालाही महत्त्व आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडली. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि ताण गेला की खाली येते. बालपणी सतत उपेक्षा सोसलेल्या मुलांत ही यंत्रणा मंदावते. कसोटीच्या प्रसंगीही कॉर्टिसोल पुरेसे वाढत नाही. संस्थेत सुरुवातीचे आयुष्य गेलेल्या आणि नंतर चांगल्या कुटुंबांत वाढलेल्या मुलांची तपासणी केली तेव्हा असे दिसले, की वयात येताना ही यंत्रणा पुन्हा इतर मुलांसारखी होऊ लागते. किशोरवय म्हणजे नुसता कटकटीचा काळ नव्हे. शरीर या वयात स्वतःची फेरमांडणी करत असते. मात्र त्यासाठी भोवतालचे वातावरण आधार देणारे असावे लागते.

आणि तेरा ते अठरा या वयात भोवताल म्हणजे काय? या वयात मूल घरापेक्षा मित्रांकडे अधिक वळते. भावना आणि बक्षीस यांच्याशी संबंधित मेंदूचे भाग लवकर जोर धरतात. लगाम घालणारा पुढचा भाग मात्र साधारण वयाच्या पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे मित्राने पाठ फिरवली तर मोठ्या माणसाला वाटते त्याहून कितीतरी जास्त ते या मुलांना लागते. ज्याने आधीच आपली माणसे गमावली आहेत, त्याला तर अधिकच.

शाळा बदलण्याची किंमत

घर बदलले की बहुतेक वेळा शाळा बदलते. आजोळी गेला, शाळा बदलली. आजी थकली म्हणून आत्याकडे गेला, पुन्हा बदलली. मोठ्यांना वाटते, शाळा काय, सगळ्या सारख्याच. मुलाच्या दृष्टीने शाळा बदलणे म्हणजे बाकावरचा सोबती, खेळातला संघ, आपले नाव माहीत असलेले शिक्षक आणि अर्धवट झालेला धडा हे सगळे एकदम जाणे.

इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीखालील मुलांच्या शिक्षणाचा मोठा अभ्यास ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. वयाच्या सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेआधीच्या दोन वर्षांत ज्यांनी शाळा बदलली, ती मुले न बदललेल्यांपेक्षा एकूण पाचाहून अधिक श्रेणींनी मागे पडली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बिकट परिस्थितीत स्वतःच्या घरी राहिलेल्या मुलांपेक्षा, दीर्घ काळ चांगल्या प्रतिपालक घरात राहिलेली मुले अभ्यासात पुढे होती. दुसरे घर मुलाचे नुकसान करत नाही, उलट सावरते. नुकसान होते ते पुन्हा पुन्हा मुळे उपटण्याने.

स्वीडनमधील संशोधकांनी 2011 मध्ये देशभरातल्या नोंदींवरून असे दाखवले, की प्रतिपालक घरांत वाढलेल्या मुलांच्या पुढील आयुष्यातील व्यसन, गुन्हेगारी, आत्महत्येचा प्रयत्न यांमागचा सर्वांत ठळक धोक्याचा घटक शाळेतले अपयश हाच होता. म्हणजे शाळेतली प्रगती ही या मुलांच्या बाबतीत केवळ करिअरची बाब नाही. ती प्रकृतीची बाब आहे.

आपल्याकडे कागदांचाही अडथळा असतो. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीत, म्हणजे जिथे शाळा सुटण्याचा धोका अधिक, तिथे त्याचा आधार संपतो. पुढे अठराव्या वर्षी बालसंगोपनाची मदतही थांबते आणि तेव्हा मुले साधारण बारावी संपवून पुढे काय, या विचारात असतात. कायद्यात अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी. 

‘बाबा दुबईला असतात’

अशी मुले मित्रांना कधी कधी खोटे सांगतात. बाबा दुबईला असतात, आई मुंबईत नोकरी करते. हे लबाडीचे लक्षण समजून शिक्षक रागावतात. खरे तर मूल स्वतःभोवती एक पडदा ओढत असते. आपली गोष्ट कोणाला, किती आणि कधी सांगायची हे त्याला स्वतः ठरवायचे असते. तोच हक्क त्याच्याकडून वारंवार काढून घेतला जातो. ‘योजनेतली मुले उभी राहा, बँकेचे पासबुक आणलेय का?’ या एका वाक्याने पडदा सगळ्या वर्गासमोर फाटतो.

त्यानंतर दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही घातक असतात. काही मुले चिडवतात. काही जण दया दाखवतात. दयेचा त्रास चिडवण्याइतकाच होतो, कारण दोन्हींत मूल बरोबरीचे राहत नाही. मग कोणी मारामारी करून आपला मान मिळवतो, कोणी मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतो. कोणी नव्या मित्राला पहिल्याच आठवड्यात घट्ट धरतो आणि त्याने जरा दुसऱ्याशी गप्पा मारल्या की कायमची कट्टी करतो. माणसे अचानक सोडून जातात, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याचे हे वागणे समजण्यासारखे आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. ‘परक्याची पोर, कुठवर सांभाळायची’ या बोलण्यातून दहावीनंतर लग्नाचा विषय निघतो. अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवे.

करता येण्याजोग्या गोष्टी

यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. घर बदलावेच लागले तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, आणि नववी-दहावीत शक्यतो दहावी होईपर्यंत, शाळा तीच ठेवावी. खुटबावचे मूल केडगावला किंवा यवतला नातेवाइकांकडे गेले तर एसटी, रेल्वे किंवा सायकलने जुनी शाळा गाठणे अशक्य नसते. बालकल्याण समितीपुढे मुलाची व्यवस्था ठरते तेव्हा ‘शाळेचे काय?’ हा प्रश्न नातेवाइकांनी स्वतः काढावा.

शाळेत एक शिक्षक किंवा शिक्षिका अशा मुलासाठी ठरलेली असावी. इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेत अशी नेमणूक कायद्याने करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी आदेशाची वाट पाहायला नको. मुख्याध्यापकांनी एका समंजस शिक्षकाला तेवढे सांगितले तरी पुरे. योजनेचे कागद, बँक, सह्या ही कामे त्याच शिक्षकाने मुलाला एकटे बोलावून करावीत. मुलाची ओळख आणि खासगीपण जपावे, त्याला कलंक लागेल असे शब्द वापरू नयेत, ही बाल न्याय कायद्याचीच तत्त्वे आहेत. पालक सभेच्या चिठ्ठीवर ‘आई/वडील’ऐवजी ‘पालक’ लिहिले तर कोणाचेच बिघडत नाही. मामी सभेला आली तर तिला ‘तुम्ही आई का?’ असे चारचौघांत विचारू नये.

सांभाळणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या मित्रांना घरी येऊ द्यावे. कबड्डीचा सराव, सहल, गावची जत्रा यांत मुलाने इतरांबरोबर जावे. ‘आधी गुरांचे बघ, मग खेळ’ हे घरच्या इतर मुलांना सांगितले जात असेल तर त्यालाही सांगावे, पण फक्त त्यालाच नको. उपकाराची आठवण भांडणातही काढू नये. एकही जिवलग मित्र असेल तर मुलाच्या पाठीशी मोठे बळ असते. तो मित्र घरच्यांना आवडत नसला तरी तोडण्याआधी दहादा विचार करावा.

दवाखान्यातही थोडे बदलायला हवे. वारंवार पोट किंवा डोके दुखणाऱ्या मुलाला ‘काही झाले नाही’ सांगून परत पाठवू नये. ‘शाळेत कोणाजवळ बसतोस? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस?’ हे दोन प्रश्न, सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगून, विचारले तर बरेच निदान होते. 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे समुपदेशन मोफत मिळते. सतत उदास राहणे, झोप-भूक उडणे, स्वतःला इजा करणे, ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. टेलिमानस 14416 आणि मुलांची मदतवाहिनी 1098 या क्रमांकांवर कोणत्याही वेळी बोलता येते.

आणि तो निबंध? ‘माझी आई’ हा विषय बाद करण्याची गरज नाही. त्याच्या खाली सगळ्या वर्गासाठी दुसरा एक विषय लिहावा, ‘मला जपणारी व्यक्ती’, आणि दोन्हींतला कोणताही निवडायला सांगावे. कोणी आजीवर लिहील, कोणी थोरल्या बहिणीवर. आई असलेली मुलेही दुसरा विषय घेतील, त्यामुळे तो घेणारा एकटा पडणार नाही. नववीतला तो मुलगा कदाचित मामीवर लिहील, कदाचित आठवणीतल्या आईवरही. काय लिहायचे हे त्याचे त्याने ठरवलेले असेल. त्यानंतरच्या सोमवारी तो शाळेत आला का, एवढे मात्र शिक्षकांनी हजेरी घेताना पाहावे.